बोहेमियन ऱ्हॅप्सडी: बँडला स्टेजवर जमलं नाही ते पब्लिक कसं गातं?

उसाचा_रस

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात नाशिकला भाच्याच्या लग्नाला गेलो होतो. आदल्या रात्री लॉनवर संगीत, नेहमीचा डीजे, नेहमीची गाणी, नेहमीचे काका रुमाल फिरवत नाचणारे. साडेदहाच्या सुमारास भाच्याच्या कॉलेजातली पोरं डीजेपाशी जाऊन काहीतरी कुजबुजली आणि एकदम पियानो सुरू. मला वाटलं चुकून लागलं, कारण 'आई, मी एका माणसाला मारून आलोय' असं सांगणारं गाणं लग्नात कोण लावतं हो? पण ती बावीस-तेवीस वर्षांची पोरं, निम्मी जळगाव-धुळ्याकडची, शब्दन् शब्द म्हणत होती, आणि ऑपेराचा भाग आला तसे आपोआप दोन गट पडले, एक वरच्या पट्टीत 'गॅलिलिओ' ओरडतोय, दुसरा खालच्या पट्टीत उत्तर देतोय. डीजे हुशार निघाला, त्याने आवाजच बंद केला. पोरं थांबली नाहीत. पनीर टिक्क्याचा ट्रे घेऊन फिरणारा केटरिंगचा मुलगा जागच्या जागी उभा. आणि आमची ताई माझ्या कानाशी येऊन विचारते, "हे कसलं भजन रे?"

तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. गाणं १९७५ चं, क्वीन या ब्रिटिश बँडचं. ३१ ऑक्टोबरला सिंगल आलं, लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद, धृपद नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळच नाही की जी चटकन तोंडात बसेल. आधी नुसते गळे, मग पियानोवरचं दुःखी गाणं, मग गिटार, मग तो ऑपेराचा गोंधळ, मग डोकं हलवायचं रॉक, आणि शेवटी सगळं विझत जाऊन एक घंटा. रेकॉर्ड कंपनीवाले म्हणत होते रेडिओवर एवढं लांब कोण वाजवणार. तर कॅपिटल रेडिओच्या केनी एव्हरेटने एका वीकेंडात चौदा वेळा वाजवलं, सोमवारी लोक दुकानात हजर, रेकॉर्ड अजून आलेलीच नाही. पुढे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर.

पण मला बोलायचंय ते वेगळं आहे. क्वीनने हा ऑपेराचा भाग स्टेजवर कधी गायलाच नाही. त्या जागी टेप लावायचे, चौघं विंगेत निघून जायचे आणि रॉकचा तुकडा सुरू झाला की धुरातून बाहेर यायचे. लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, १३ जुलै १९८५, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पियानोवर बसला तो याच गाण्याने, पण सुरुवातीचा भाग वाजवून थेट पुढच्या गाण्यात घुसला. म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांना लोकांसमोर अख्खं गाता येत नव्हतं, आणि नाशिकच्या लॉनवर वीस पोरं बिनधास्त गातायत. माझं म्हणणं एवढंच की हे गाणं आता आरतीच्या जातीचं झालंय. अर्थ कुणाला विचारू नका, एकट्याने म्हणू नका, दहा जण जमले की आपोआप सुरू होतं, आणि तो रॉकचा भाग म्हणजे सरळ 'घालीन लोटांगण' आहे, लय वाढते आणि सगळे पेटतात.

पटतंय का? की मीच जास्त जेवलो होतो?

वाफाळता_चहा

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, रात्री वाचतो.

तबकडी_तुटली

आरतीची तुलना शंभर टक्के पटली, कारण चुकासुद्धा तशाच आहेत. आपण लहानपणी 'संकष्टी पावावे' आणि 'फळीवर वंदना' म्हणायचो ना (आमच्याकडे एक काका अजून 'दीपक जोशी नमोस्तुते' म्हणतात, त्यांना कुणी दुरुस्त करत नाही, वय झालंय), तसं मी कॉलेजभर 'बील्झेबब'च्या (गाण्यातला सैतान) जागी 'बिल दे बाबा' म्हणत होते. हॉस्टेलच्या मेसमध्ये. मेसवाल्याला वाटायचं त्यालाच म्हणतेय.

त्रिफळा

विरजण घालायला आलो आहे, हलके घ्या.

हे गाणं 'लोकांचं' वगैरे झालं नाही, ते करण्यात आलं. जरा हिशोब मांडा. १९७५ ला गाजलं, मान्य. १९९१ मध्ये फ्रेडी गेला, २४ नोव्हेंबर, लगेच डिसेंबरात पुन्हा बाजारात, पुन्हा पाच आठवडे पहिल्या नंबरवर. १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' सिनेमात गाडीत बसून पाच जण डोकी हलवतात, तर अमेरिकेत १९७६ साली जे नवव्या नंबरच्या वर गेलं नव्हतं ते दुसऱ्या नंबरपर्यंत. २०१८ ला त्याच नावाचा सिनेमा, चार ऑस्कर, तुमच्या भाच्याच्या मित्रांनी ऐकलं ते तिथून. दर पंधरा-वीस वर्षांनी कुणीतरी पंप मारतोय म्हणून हवा टिकून आहे. आणि संगीत म्हणून बघाल तर पाच वेगवेगळी गाणी फेविकॉलने चिकटवलीत. मिसळ आवडते म्हणून तिला पुरणपोळी म्हणू नये.

वाफाळता_चहा

त्रिफळा आले, पॉपकॉर्न आणतो.

साउंडबाबा

फेविकॉल नाही हो, कात्री आणि चिकटपट्टी, ती पण खरोखरची. मी स्टुडिओत वीस वर्षं काढली आहेत आणि सुरुवात टेपवर केली, म्हणून दोन शब्द.

वेल्समध्ये रॉकफिल्ड नावाचा स्टुडिओ आहे, शेतावरचा. ऑगस्ट १९७५ मध्ये तिथे याचं काम सुरू झालं, प्रोड्यूसर रॉय थॉमस बेकर. त्यानेच सांगितलेला किस्सा, फ्रेडीने त्याला घरी पियानोवर सुरुवात ऐकवली, मग मध्येच थांबला, म्हणाला इथून ऑपेरा सुरू होतो, आणि दोघं उठून जेवायला गेले. रेकॉर्डिंगच्या वेळी त्या जागेपुरती टेप रिकामी सोडली, ऑपेरा नंतर भरला. तेवढ्या तुकड्याला सुमारे तीन आठवडे लागले, रोजचे दहा-बारा तास. आणि गाणारे किती? तीन. फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. बेसवाला जॉन डीकन त्यात गातच नाही.

आता तीन माणसांचा कोरस कसा होतो बघा. टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या वेगवेगळ्या पट्ट्या, चोवीस. तिघांनी एक ओळ गायची, मग तीच ओळ पुन्हा, पुन्हा, मग चार-पाच ट्रॅक एकत्र करून एका ट्रॅकवर उतरवायचे, जागा रिकामी झाली की त्यावर नवीन थर. काही ठिकाणी एकशे ऐंशीच्या आसपास थर झाले म्हणतात. पण टेप म्हणजे काय, प्लास्टिकच्या पट्टीवर तपकिरी चुंबकीय पावडरचा लेप. ती हेडवरून इतक्या वेळा घासली की लेपच उडत गेला, उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं. आणि प्रत्येक वेळी उतरवताना आवाज थोडा मळतो, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा. तो ऑपेरा ऐकताना जो जुनाट, दूरच्या थिएटरातून आल्यासारखा खरखरीतपणा वाटतो ना, त्यात या झिजलेल्या टेपेचाही वाटा आहे असं माझं मत. आज संगणकावर हजार थर लावा, एकही मळणार नाही, आणि म्हणूनच तसा आवाज निघत नाही.

बाकी 'गॅलिलिओ' मोजके ठरले होते, फ्रेडी रोज येऊन अजून थोडे वाढवायचा, बेकर टेपला टेप जोडत बसायचा. तो बेकरही २०२५ मध्ये गेला.

तबकडी_तुटली

दंडवत बाबा. हे एका वेगळ्या लेखात टाका ना.

कॅसेटवाला

माझी कहाणी सांगतो, मग त्रिफळांना उत्तर देतो.

१९८८, मी सोलापूरला अकरावीत. तेव्हा रेकॉर्डिंगची दुकानं असायची, आपण वहीच्या पानावर यादी लिहून द्यायची, चार दिवसांनी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून मिळायची. माझ्या चुलतभावाने मुंबईहून इंग्रजी गाण्यांची यादी पाठवली होती, मी ती जशीच्या तशी दिली. ए साइडला शेवटचं हे गाणं. आणि दुकानदाराने मिनिटांचा हिशोब चुकवला, त्यामुळे ऑपेरा टिपेला पोचतो, तो शेवटचा उंच सूर लागतो, आणि खट. कॅसेट संपली. मला वाटलं गाणं तिथेच संपतं. खरं सांगतो, मला ते फार आवडलं होतं, एवढं सगळं उभं करून एकदम कडेलोट, मी मित्रांना समजावून पण सांगायचो की हा शेवट किती थोर आहे, त्या माणसाला फाशी झाली म्हणून आवाज तुटतो वगैरे.

चार वर्षं. १९९२ मध्ये शेजाऱ्यांकडे केबल आली, स्टारवर एमटीव्ही दिसायचा, आणि एके दुपारी तेच गाणं लागलं, मध्ये मध्ये 'वेन्स वर्ल्ड'ची दृश्यं घातलेलं. मी आरामात भिंतीला टेकून बसलेलो, तो सूर आला, मी मनात म्हटलं आता खट. आणि खट व्हायच्या ऐवजी गिटार आली. माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता टाइप करतानाही येतोय. शेजारच्या काकू म्हणाल्या काय झालं रे, शॉक बसला का.

तर त्रिफळाशेठ, पंप मारला मान्य, पण पंप मारून हवा टिकायला ट्यूब धड लागते. त्या वर्षी सिनेमांत शेकडो गाणी वाजली असतील. आणि 'वेन्स वर्ल्ड'मध्येसुद्धा स्टुडिओवाल्यांना दुसऱ्या बँडचं गाणं हवं होतं, त्यातला नट माइक मायर्स अडून बसला की हेच पाहिजे. का? कारण तो आणि त्याचे मित्र पोरवयात गाडीत बसून हेच करायचे, 'गॅलिलिओ' वाटून घ्यायचे. म्हणजे सिनेमाने लोकांना शिकवलं नाही, लोक जे करत होते ते सिनेमाने उचललं. पुढे २०१८ च्या सिनेमात त्याच मायर्सला कंपनीच्या साहेबाचं काम दिलं आणि त्याच्याच तोंडी घातलं की या गाण्यावर कुणी पोरं गाडीत डोकी हलवणार नाहीत. थिएटरात मी एकटाच मोठ्याने हसलो, बायकोने कोपर मारलं.

त्रिफळा

कॅसेटवाला, खटचा किस्सा जबरी. अर्धा मुद्दा मान्य. फेविकॉलवर ठाम आहे.

टेबललँड

अरे एवढे प्रतिसाद झाले आणि कुणी पाचगणीचं नाव काढत नाही?? फारुख बलसारा, म्हणजे तुमचा फ्रेडी मर्क्युरी, आमच्या गावात वाढला! सेंट पीटर्समध्ये वयाच्या आठव्या वर्षी आला, बोर्डिंगला, झांझिबारहून एवढासा पोरगा बोटीने. पियानो तिथेच शिकला, शाळेच्या कॉयरमध्ये (गाणाऱ्यांच्या गटात) गायला, आणि १९५८ मध्ये बारा वर्षांचा असताना तिथेच पहिला बँड, द हेक्टिक्स. पाच पोरं. त्यातल्या एकाचा बेस म्हणजे चहाचं रिकामं खोकं आणि दोरी. आणि गंमत म्हणजे फ्रेडी तेव्हा मुख्य गायक नव्हताच, तो मागे पियानो बडवायचा. मी लहान असताना गावात हे कुणाच्या गावी नव्हतं, आता सीझनला टॅक्सीत बसलेले पुण्या-मुंबईचे लोक विचारतात फ्रेडी मर्क्युरीची शाळा कुठंय, मग आमचा मामा (टॅक्सी चालवतो) स्ट्रॉबेरी क्रीम, टेबललँड, आणि शाळेचं गेट बाहेरून, असा राउंड मारतो. मामाने गाणं ऐकलेलं नाही. मी ऐकवलं तर म्हणाला मधे रेडिओ बदलला का.

तर हा वारसा आपला पण आहे, एवढंच.

त्रिफळा

'आपला' म्हणजे? हयातभर त्याने पाचगणीचा विषय शक्यतो टाळला. फारुखचा फ्रेडी झाला, बलसाराचा मर्क्युरी झाला. आपण गेल्यावर हक्क सांगायला पुढे. तसं बघाल तर बलसारा म्हणजे वलसाडचे, मग गुजरातवाले आधी रांगेत, त्यांच्या आधी झांझिबार.

टेबललँड

मी कुठे सातबारा मागतोय. पियानो कुठे शिकला ते सांगितलं फक्त.

निवांत_निशा

भांडू नका. मी लंडनच्या हाउन्स्लोला राहते, फेल्टमला लागूनच, म्हणजे १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाल्यावर बलसारा कुटुंब जिथे येऊन राहिलं ते. ग्लॅडस्टन अव्हेन्यूवर त्यांच्या घराला २०१६ पासून निळी पाटी आहे, इथे नामवंतांच्या घरांना लावतात ती. अगदी साधं घर, आपल्याकडचे नातेवाईक आले की मी दाखवायला नेते आणि ते हमखास म्हणतात, "एवढंसंच?" वरून विमानं इतक्या खाली जातात की बोलणं थांबवावं लागतं.

नाव बदललं खरं, पण अंत्यविधी पारशी पद्धतीने, दस्तुरांनी प्रार्थना म्हणून झाले. ज्याला जे काढायचं ते त्याने यातून काढावं. मला तर गाण्यातल्या 'बिस्मिल्ला'मध्ये झांझिबार ऐकू येतं, बाकी सगळे शब्द युरोपातले, स्कॅरामूश इटलीच्या जुन्या नाटकमंडळ्यांमधला विदूषक, फिगारो ऑपेरातला न्हावी, आणि मध्येच हा अरबी शब्द, जो त्या बेटावर वाढणाऱ्या पोराच्या कानावर रोज पडत असणार. हा माझा तर्क हं. त्याने स्वतः अर्थ सांगितला नाही, ऐका आणि तुमचं तुम्ही ठरवा अशाच थाटात राहिला. उलट इराणमध्ये २००४ ला क्वीनची कॅसेट अधिकृतपणे निघाली तेव्हा सोबत पत्रक होतं, त्यात या गाण्याचा अर्थ समजावला होता, की एका तरुणाच्या हातून चुकून खून होतो, तो सैतानाला आत्मा विकतो आणि फाशीच्या आदल्या रात्री 'बिस्मिल्ला' म्हणून देवाला हाक मारतो. म्हणजे जे लंडनच्या समीक्षकांना जमलं नाही ते तेहरानच्या पत्रकाने केलं, अर्थ लावून मोकळे.

आणि उसाचा_रस, तुमच्या नाशिकच्या लॉनचा मोठा भाऊ मी पाहिलाय. १ जुलै २०१७, हाइड पार्क. ग्रीन डे या अमेरिकन बँडचा कार्यक्रम होता, ते अजून स्टेजवर यायचे होते, वेळ घालवायला स्पीकरवर गाणी चालू होती. हे लागलं. पासष्ट हजार माणसं. माझ्या पुढे एक बाई होत्या, साठीच्या, एका हातात प्लास्टिकचा बिअरचा ग्लास, दुसऱ्या हाताने नातवाचा खांदा धरलेला, आणि त्या डोळे मिटून पहिल्या ओळीपासून म्हणत होत्या. स्टेज रिकामं. खरंच रिकामं, माईक नुसते उभे. ज्यांच्यासाठी तिकीट काढलं ते आत बसलेत, ज्याचं गाणं तो जाऊन पंचवीस वर्षं झालीत, आणि गिटारचा तुकडा आला तर लोक गिटारसुद्धा तोंडाने गातायत. शेवटच्या ओळीला इतकं शांत झालं की मागच्या रस्त्यावरची बस ऐकू आली.

मी पण गात होते. मला गाता येत नाही.

वाफाळता_चहा

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

उसाचा_रस

निशाताई, 'स्टेज रिकामं' हे वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं. त्याचा व्हिडिओ मी पाहिलाय पण माईक नुसते उभे हे त्यात जाणवत नाही.

गोंयचो_भुरगो

उशिरा आलो, मडगावात दोन दिवस लाइट नव्हती.

एक गोष्ट कुणी बोललं नाही. मी चर्चच्या कॉयरमध्ये वयाच्या नवव्या वर्षापासून, आता टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, गातो. आमच्याकडे एकच सूर सगळ्यांनी गायचा असं नसतं, चार आवाज चार वाटांनी जातात आणि मिळून एक होतं. तुमची आरती एकसुरी, म्हणजे वाईट अर्थाने नाही हां, सगळे एकाच चालीत. हे गाणं तसं नाही. यात प्रत्येकाला वेगळी जागा आहे, आणि लोक आपली जागा बरोबर ओळखतात, हेच मला मोठं वाटतं. ज्याचा आवाज बारीक तो रॉजर होतो, तो जो सगळ्यात वरचा सूर आहे तो रॉजर टेलरचा, ड्रम वाजवणाऱ्या माणसाचा! ज्याचा जाड तो ब्रायनच्या जागी. ज्याला काहीच येत नाही तो 'मामा मिया' म्हणतो, आणि ती पण गरजेची जागा आहे. टेबललँडने शाळेच्या कॉयरचं सांगितलं ते म्हणून मला महत्त्वाचं वाटतं, ज्याने लहानपणी कॉयरमध्ये उभं राहून शेजारच्याचा वेगळा सूर ऐकत आपला सांभाळलाय त्यालाच असं लिहायला सुचतं. सातबारा कुणाचा ते जाऊ दे.

आमच्याकडे लग्नात बँडला फर्माईश येते याची. आम्ही सरळ सांगतो, पहिला भाग आम्ही, मधला तुम्ही, मग परत आम्ही. तेवढ्यात आम्ही पाणी पिऊन घेतो.

साउंडबाबा

भुरगो, म्हणजे क्वीनचीच पद्धत, फक्त टेपच्या जागी वऱ्हाडी.

तबकडी_तुटली

अवांतर: 'मामा मिया'वरून आठवलं, नऊ आठवड्यांनंतर याला पहिल्या नंबरवरून खाली खेचलं ते ॲबा या स्वीडिश बँडच्या 'मामा मिया'ने. असा योगायोग कथेत लिहिला तर संपादक कापतील.

दुसरं अवांतर: २०२३ मध्ये लंडनला फ्रेडीच्या सामानाचा लिलाव झाला त्यात या गाण्याचे हस्तलिखित कागद होते, एका विमान कंपनीच्या कोऱ्या कागदांवर खरडलेले, जवळपास चौदा लाख पौंडांना गेले. त्यावर आधीचं नाव दिसतं, 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी'. मंगोलियन खोडून बोहेमियन.

वाफाळता_चहा

मंगोलियन राहिलं असतं तर आज ते सिझलरच्या पानावर असतं, चिकन की पनीर.

त्रिफळा

बरं, माझं शेवटचं. व्हिडिओबद्दल कुणी बोललं नाही ते बरं केलंत, कारण 'जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ' हे वाक्य वाचून कान किटलेत. पहिला नव्हता, आधी अनेकांनी केले होते. पण खरं कारण मला आवडतं, त्यांना टीव्हीच्या कार्यक्रमात उभं राहून त्या ऑपेरावर नुसते ओठ हलवायची लाज वाटत होती आणि शिवाय दौरा होता, म्हणून रिहर्सलच्या जागी, एल्स्ट्रीला, चारेक तासांत उरकला, साडेचार हजार पौंडांच्या आसपास खर्च. अंधारातले ते चार चेहरे त्यांच्याच आधीच्या अल्बमच्या कव्हरवरून उचललेले. चेहऱ्यांच्या रांगा लागतात त्यासाठी कॅमेऱ्याला पैलूदार काच लावली, बस. म्हणजे इथेही तेच, गाता येत नाही म्हणून जुगाड केला आणि जुगाडच पुढे सगळ्यांनी गिरवला. हे उसाचा_रस यांच्या मुद्द्याच्या बाजूने जातं हे मला कळतंय, उगाच दाखवून देऊ नये.

उसाचा_रस

दाखवून देत नाही. फक्त वाचनखूण साठवली.

भुरगो, 'एकसुरी' मान्य, मी आरती म्हणताना ते लक्षातच घेतलं नव्हतं. मग भजनीमंडळ म्हणू का? बुवा एक म्हणतो, झेलकरी उचलतात. पण त्यात बुवा लागतोच आणि इथे बुवा नसला तरी चालतंय, निशाताईंच्या हाइड पार्कात तर बुवा नव्हताच. असो, ताईला मी फोन करून सांगितलं की ते भजन नव्हतं. ती म्हणाली, "मग पोरं टाळ्या बरोबर कशी वाजवत होती?" माझ्याकडे उत्तर नाही.

कॅसेटवाला

एक प्रस्ताव. पुढच्या महिन्यात पुण्याचा कट्टा आहेच, साउंडबाबांच्या गच्चीवर. करून बघायचं का? कुणी यूट्यूब लावायचं नाही. नुसते गळे.

टेबललँड

मी येतो, मामालाही आणतो. गाडी त्याचीच आहे.

त्रिफळा

मी येईन पण गाणार नाही. भडंग आणतो.

निवांत_निशा

मी त्याच आठवड्यात सासरी सांगलीला आहे, जमवते. 'मामा मिया'ची जागा माझी, आधीच सांगून ठेवते.

गोंयचो_भुरगो

रातराणीने येतो. वरचा सूर माझ्यावर सोडा, पण आधी दोन तास थंड काही देऊ नका.

उसाचा_रस

ठरलं मग. वरचे गॅलिलिओ: भुरगो आणि तबकडी. खालचे: मी, टेबललँड, आणि मामा तयार झाले तर मामा. मामा मिया: निशाताई. पियानो: साउंडबाबांच्या मुलीचा कीबोर्ड, तिच्या परीक्षा संपल्या असतील तर. त्रिफळा भडंग खाता खाता 'बिस्मिल्ला' म्हणतील, बघाच तुम्ही. कॅसेटवाला, उंच सूर लागला की तुम्ही डोळे मिटायचे नाहीत आणि 'खट' म्हणायचं नाही.

शेवटची घंटा वाफाळता_चहा. स्टीलचं ताट आणि डाव चालेल. फक्त कृपा करून शेवटपर्यंत थांबा, तुमची 'पहिला!' म्हणायची सवय माहितीये आम्हाला.